फोनची बॅटरी टिकवायची तर आधी दोन तक्रारी वेगळ्या करा

तुमच्या प्रश्नात दोन तक्रारी एकत्र आल्या आहेत. फोन दोन वर्षांचा आहे, रोज रात्रभर चार्जिंगला असतो, संध्याकाळपर्यंत पुरत नाही आणि मधूनच २० टक्के दाखवत असताना बंद पडतो. दिवसभर न पुरणं हे वापरामुळेही होतं, त्यावर उपाय आहेत. २० टक्क्यांवर बंद पडणं हे मात्र बॅटरी जुनी झाल्याचं लक्षण आहे. बॅटरीतला सेल, म्हणजे वीज साठवणारा भाग, जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतून होणारा अडथळा, वाढतो. कॅमेरा उघडला, फ्लॅश उडाला किंवा प्रोसेसरवर एकदम ताण आला की सेलचं व्होल्टेज क्षणात खाली बसतं आणि फोन स्वतःच्या बचावासाठी बंद होतो. कुठलंही सेटिंग किंवा 'बॅटरी डॉक्टर' छापाचं ॲप हा रोध कमी करू शकत नाही. असली ॲप्स आजच काढून टाका, ती स्वतःच बॅटरी खातात.

सेल म्हातारा का होतो हे एकदा समजलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. फोनमधल्या लिथियम-आयन सेलमध्ये ग्राफाइटच्या, म्हणजे चार्ज होताना लिथियम ज्यात साठतं त्या भागाच्या, पृष्ठभागावर एक पातळ थर असतो. तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं. ही झीज फोन नुसता पडून असला तरी चालूच राहते. तिला वेग देणाऱ्या दोन गोष्टी: उष्णता आणि भरलेल्या सेलचं चढं व्होल्टेज. आजच्या फोनमध्ये १०० टक्के म्हणजे साधारण ४.४ व्होल्ट. फोन दीड तासात भरतो आणि मग सकाळपर्यंत त्याच व्होल्टेजच्या आसपास, कव्हरमध्ये, कधी उशीखाली, गरम राहतो. रात्रभर लावल्याने 'ओव्हरचार्ज' होत नाही, त्यासाठी आत संरक्षक सर्किट असतं. नुकसान होतं ते भरलेल्या आणि गरम अवस्थेत तासन् तास राहिल्याने.

म्हणून ८० टक्क्यांची मर्यादा उपयोगी आहे. आयफोन १५ आणि त्यापुढच्या मॉडेलांत ती बॅटरीच्या सेटिंगमध्ये मिळते. सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' शोधा. इतर बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही वेगळ्या नावाने ती असते. मर्यादा लावूनही फोन कधीतरी १०० पर्यंत गेला तर घाबरू नका, टक्केवारीचा अंदाज अचूक राहावा म्हणून काही फोन तसं मुद्दाम करतात. मात्र ८० वर थांबवल्यामुळे तुमचा दिवस अपुरा पडत असेल तर खुशाल १०० करा. चार वर्षं फोन वापरायचा असेल तर ही शिस्त फळते; दोन वर्षांत बदलणार असाल तर इतका जीव टाकण्यात अर्थ नाही.

'पूर्ण संपवून मगच चार्ज करा' हा सल्ला निकेल-कॅडमियम या जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांच्या काळातला आहे. बॅटरीचं आयुष्य सायकलींत, म्हणजे १०० टक्के वापराच्या फेऱ्यांत, मोजतात; दोनदा ५० टक्के भरलं तर मिळून एकच सायकल मोजली जाते, त्यामुळे मधूनमधून थोडं थोडं चार्ज करण्यात काहीच तोटा नाही. आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० सायकलींनंतर ८० टक्के क्षमता राखतील अशा बनवल्या आहेत, १५ पासून हा आकडा १००० आहे.

फास्ट चार्जरबद्दल: किती करंट घ्यायचा हे फोन ठरवतो, चार्जर जबरदस्तीने ढकलत नाही. जास्तीत जास्त वेग बॅटरी रिकामी असताना मिळतो, ८० च्या पुढे तो आपोआप बराच उतरतो. धोका तापण्याचा आहे. चार्जिंगला लावून गेम खेळू नका, फोन गरम लागला तर कव्हर काढा, आणि गाडीत उन्हाच्या काचेमागे नेव्हिगेशन व चार्जिंग एकत्र चालवू नका. बॅटरीवर इतका अत्याचार दुसरा नाही. वायरलेस चार्जिंग वायरीपेक्षा जास्त गरम होतं, विशेषतः फोन पॅडवर नीट मध्यभागी नसेल तर. शून्य अंशाखाली चार्जिंग टाळा. अशा थंडीत लिथियम ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी त्याच्यावर धातूच्या रूपात साचतं आणि ते नुकसान भरून येत नाही.

आता रोजचा खर्च. सेटिंग्जमधल्या बॅटरी वापराच्या यादीत सर्वात वर काय आहे ते पाहा, अंदाजाने बटणं बंद करत बसू नका. बहुतेक वेळा स्क्रीन आणि नेटवर्क हेच दोन मोठे खर्च असतात. ब्राइटनेस ऑटोवर ठेवा, स्क्रीनचा रिफ्रेश रेट (चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं तो आकडा) १२० हर्ट्झचा ६० करा. डार्क मोडचा फायदा फक्त ओएलईडी स्क्रीनवर (तिथे काळे ठिपके जवळजवळ बंदच असतात), तोही मुख्यतः ब्राइटनेस जास्त असताना. सिग्नल कमजोर असेल तर फोन टॉवरशी बोलायला जास्त शक्ती लावतो आणि ५जी-४जी अशी ये-जा करत राहतो. तिथे ४जी पक्कं करा, वायफाय कॉलिंग चालू करा, आणि सिग्नलच नसेल तर एअरप्लेन मोड. ब्लूटूथ बंद ठेवून जवळजवळ काहीच वाचत नाही.

रिसेंट्समधून, म्हणजे नुकत्याच उघडलेल्या ॲप्सच्या यादीतून, ॲप्स सतत पुसून टाकण्याची सवय सोडा. ॲप पुन्हा पहिल्यापासून उघडायला प्रोसेसरला जास्त काम पडतं. त्याऐवजी एखादं ॲप पार्श्वभूमीत खात असेल तर अँड्रॉइडवर त्याच्या बॅटरी सेटिंगमध्ये 'रिस्ट्रिक्टेड' निवडा आणि लोकेशनची परवानगी 'फक्त वापरताना' करा. तपासायची सोपी रीत: रात्री चार्जर न लावता फोन ठेवा. सात-आठ तासांत दोन-पाच टक्के उतरणं ठीक. दहाच्या वर गेलं तर काहीतरी फोनला झोपू देत नाही. सिस्टीम अपडेटनंतरचे एक-दोन दिवस मात्र मोजू नका, तेव्हा आत बरीच आवराआवर चालू असते.

तुमच्या फोनसाठी माझा सल्ला सरळ आहे: बॅटरी बदला. बॅटरी हेल्थचा आकडा (नवीन असतानाच्या तुलनेत उरलेली क्षमता) ८० टक्क्यांच्या खाली असेल तर त्यावर शिक्कामोर्तबच झालं. बदलताना फोन उघडावा लागतो, त्यामुळे नंतर पाण्यापासूनच्या संरक्षणावर विसंबू नका. पाठ किंवा स्क्रीन उचललेली दिसली तर बॅटरी फुगली आहे. चार्जिंग ताबडतोब थांबवा, दाबू नका, टोचू नका, आणि काढलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या. जुना फोन जपून ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा तेवढाच भरा.