चाळीस वर्षं जुन्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर कमी खर्चात कसं सुधारावं?

प्रश्नात दिलेली माहिती अशी: ९ बाय ७ फुटांची खोली, एल आकाराचा कडप्प्याचा ओटा (एक बाजू ८ फूट, वळणापुढे ४ फूट), खाली उघडे कप्पे, लोखंडी पाइप आणि मॉड्युलरवाल्याचं खिशाला न झेपणारं कोटेशन.

ते कोटेशन आधी बाजूला ठेवा आणि ओट्याखालचे कडप्प्याचे उभे (ओटा पेलणाऱ्या उभ्या फरश्या) तपासा. हाताने हलवून बघा, लेव्हल लावा. ते पक्के असतील तर तोडू नका. मॉड्युलरमध्ये मोठी रक्कम जाते ती आतल्या खोक्यांवर, आणि तुमच्याकडे ती खोकी दगडाची आहेत. त्यांना वाळवी लागत नाही आणि सिंक गळलं तरी ती फुगत नाहीत. फक्त पुढून शटर बसवायची.

वाचलेला पैसा भिंतीच्या आत घाला. शटर कधीही बदलता येतं, पण टाइलमागचा पाइप बदलायचा तर टाइल फोडावीच लागते. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गंजून बुजत जातो, म्हणून नळाची धार बारीक होते. तो अर्धवट बदलू नका, कारण जुन्या आट्यांवर पाना लावला की पुढचा सांधा ढिला होतो. निदान मुख्य व्हॉल्व्हपासून सिंकपर्यंतची लाइन सीपीव्हीसीत (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपात) करून घ्या: मुख्य लाइन पाऊण इंची, नळाकडे जाणारी अर्धा इंची. गीझरचं पाणी येणार असेल तर साधा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) चालणार नाही. लोखंडाला जोडताना आणि नळाच्या पॉइंटला पितळी आट्यांचंच फिटिंग घ्या, प्लास्टिकची आटी जास्त आवळली की चिरते. सांधे चिकटवायचं सोल्युशनही सीपीव्हीसीचंच हवं. सांधे चिकटवल्यावर एक दिवस जाऊ द्या, मग लाइन दाबाखाली रात्रभर भरून ठेवा. सगळे सांधे कोरडे दिसेपर्यंत गवंड्याला प्लास्टर लावू देऊ नका. घाई इथेच होते आणि ओल येते ती शेजारच्या खोलीच्या भिंतीवर.

सिंकची जागा हलवायचा मोह आवरा. सांडपाण्याच्या पाइपला फुटाला साधारण पाव इंच उतार लागतो. सहा फूट लांब नेलात तर दीड इंच उतार अधिक पाइपचा व्यास, म्हणजे तेवढी जमीन उचलावी लागेल. हलवायचंच असेल तर २ इंची पाइप जमिनीवरून, ओट्याच्या मागच्या कडेने, कडप्प्याच्या उभ्यांना भोकं पाडून न्या. सिंकखाली वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप लावू नका, त्याच्या वळ्यांत तुपातेलाचा थर बसतो. बॉटल ट्रॅप लावा, त्यात पाणी साचून राहतं म्हणून वास आणि झुरळं वर येत नाहीत.

वायरिंग ॲल्युमिनियमचं निघालं तर त्याला तांब्याची वायर जोडून वेळ मारून नेऊ नका, असा सांधा ढिला पडून तापतो. २००० वॉटची इंडक्शन शेगडी एकटीच जवळपास ९ अँपिअर घेते. तिच्याबरोबर मायक्रोवेव्ह आणि केटल आली की एक सर्किट पुरत नाही. १६ अँपिअरच्या पॉइंटसाठी दोन वेगळी सर्किटं घ्या, ४ चौरस मिमी तांब्याची वायर आणि २० अँपिअरचा एमसीबी (जादा भार आला की आपोआप पडणारा स्विच). फ्रिज आणि दिवे वेगळे. अर्थिंग तपासून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवा. इमारत लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार पेलणारी, असेल तर भिंतीत आडव्या खाचा मारू देऊ नका, वरून खाली उभ्याच घ्या. बीम-कॉलमला तर छिन्नी लावूच नये. सोसायटीची परवानगी आणि राडारोडा कुठे टाकायचा, हे आधीच विचारून ठेवा.

आता ओटा. जुना कडप्पा ठेवून त्यावरच ग्रॅनाइट टाकलं तर मालासकट उंची साधारण दीड इंच वाढते. ओटा एरवी ३४ इंच धरतात, पण स्वयंपाक करणाऱ्याची उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर ३२ बरा, कारण शेगडीची उंची त्यावर वेगळी येते. ग्रॅनाइट १२ गुणिले २ म्हणजे २४ चौरस फूट लागेल. कापाकापी धरून २७-२८ सांगा. पुढच्या कडेखाली पाणी तोडणारी बारीक खाच मारून घ्या, नाहीतर ओट्यावरचं पाणी कडेने ओघळून शटरवर येतं. सिंकच्या कटाचे कोपरे गोल हवेत. काटकोनात कापले तर तडा तिथूनच जातो.

डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल्स, ओट्यानंतर करा, म्हणजे टाइल ग्रॅनाइटवर बसते आणि पाणी मागे उतरत नाही. दोन भिंती मिळून ८ अधिक ६ फूट, उंची २ फूट, म्हणजे २८ चौरस फूट, ३१ आणा. जुन्या टाइल्स ठोकून बघा. पोकळ वाजतील तेवढ्याच काढा, बाकीवर पॉलिमरच्या ॲडहेसिव्हने नव्या लावता येतात. सिमेंटच्या रबडीवर लावू नका. गुळगुळीत पृष्ठभाग पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंट पकडच घेत नाही.

शटरला १८ मिमीचा, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छाप असलेला प्लाय घ्या. दुकानदाराच्या तोंडी ‘मरीन’ सगळंच असतं, तुम्ही छाप बघा. तुमच्या १० फूट दर्शनी लांबीला १५ बाय २८ इंचांची आठ शटर लागतील. ८ बाय ४ च्या एका शीटमधून अशी नऊ निघतात. कापलेल्या चारही कडांना एजबँड (कड झाकणारी पट्टी) हवाच, पाणी तिथूनच शिरतं. बिजागऱ्यांसाठी कडप्प्याला थेट भोकं पाडू नका, उभ्यांच्या दर्शनी कडेला ॲल्युमिनियमची चौकट बसवून तिच्यावर घ्या. ट्रॉल्या दोन पुरे: एक ताटवाट्यांची, एक डब्यांची.

सिलिंडर ओट्याखाली राहणार असेल तर त्या शटरला खालच्या बाजूला जाळी किंवा फट ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर तळाशी साठतो. शेगडीची नळी पाच वर्षांची झाली असेल तर याच कामात बदला. पाइपगॅस असेल तर मीटर आणि पाइप गॅस कंपनीच्याच माणसाकडून हलवून घ्या, आणि तो अर्ज तोडफोड सुरू होण्याआधी करा.