नाशिकमध्ये राहून संगीतात पीएचडी आणि मंचावर गिटारवादन, दोन्ही जमेल का?

जमेल; मात्र संशोधनाचा विषय स्वतःच्या वाद्यातूनच निवडावा, म्हणजे रोजचा रियाज हाच अभ्यासाचा भाग ठरतो. उदाहरणार्थ, पडदे असलेल्या गिटारवर मींड (एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड सरकत जाणे) घेण्यास मर्यादा येतात, आणि गिटारवादक ब्रिजभूषण काबरा यांनी रागसंगीतासाठी जी हवाईयन गिटार स्वीकारली, तिच्यात तारेवरून धातूची पट्टी सरकवत असल्याने ही अडचण राहत नाही. असा फरक वादकाला आधी हाताने कळतो आणि मग प्रबंधात नेमकेपणाने मांडता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ वर्षे लागतात. मार्गदर्शकासाठी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात चौकशी करावी. कालिदास कलामंदिरातील कार्यक्रमाच्या आदल्या रात्री मात्र प्रकरण लिहायला बसू नये. दोन्ही बिघडतात, हा स्वानुभव आहे.