टेक्सासमध्ये शाळांच्या हद्दी बदलल्या की फुटबॉल टीमचा ५-ए, ६-ए वर्गही बदलतो का? भाचा खेळतो, बहीण डॅलसकडे घर बघतेय.

बदलतो, कारण हा वर्ग शाळेच्या पटावरून ठरतो. (फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल.) पण प्रश्नाखाली तुम्ही 'मोठा वर्ग म्हणजे चांगली टीम ना?' असं जोडलंय, ते वाचून मला माझे साडू आठवले. त्यामुळे उत्तर लांबणार.

साडू अ‍ॅलनला राहतात. डॅलसच्या उत्तरेचं हे गाव म्हणजे 'एक गाव एक गणपती'च्या चालीवर एक गाव एक हायस्कूल. पाच हजारांवर मुलं, १८,००० प्रेक्षक बसतील असं स्टेडियम, २०१२ पासून लागोपाठ तीन वर्षं राज्य अजिंक्यपद. जवळच्याच फ्रिस्कोने नेमकं उलटं केलं. एका हायस्कूलमध्ये २,१०० च्या आसपासच मुलं असावीत असं ठरवलं आणि बारा हायस्कुलं काढली. आता यूआयएलची, म्हणजे तिथल्या शालेय स्पर्धा चालवणाऱ्या संस्थेची, २०२४ ची रेघ बघा: २,२७५ किंवा जास्त मुलं असतील तर ६-ए, १,३१५ ते २,२७४ असतील तर ५-ए. फ्रिस्कोच्या शाळा वर्षानुवर्षं ५-ए मध्ये का दिसतात ते कळलं असेल. हे फुटबॉलसाठी केलं असं फ्रिस्कोवाले म्हणत नाहीत, जास्त मुलांना टीममध्ये, बँडमध्ये जागा मिळावी म्हणून केलं म्हणतात. मला ते पटतं. तेव्हा पटत नव्हतं.

आमचं गाव या दोन्हींच्या मधलं. नाव राहू द्या. मुलगा नववीत ६-ए शाळेत होता. नववीच्याच 'ब' टीममध्ये, तिथेही बाकावर. त्या वर्षी स्कूल बोर्डाने नव्या हायस्कूलसाठी नकाशा काढला आणि रेघ बरोबर आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागच्या रस्त्यावरून गेली. आम्ही पलीकडे. वरच्या इयत्तांतल्या मुलांना जुन्या शाळेत राहायची मुभा होती, आमच्या मुलाला नव्हती. सुनावणीला मी कोट घालून गेलो. तीन मिनिटं मिळतात, ती सगळी वापरली. पोराला दुय्यम वर्गात ढकलताय असं बोललो. शेजारी बसलेला मुलगा खाली बघत होता.

नव्या शाळेत पहिल्या वर्षी बारावीच नव्हती. म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या आडदांड पोरांसमोर आमची पंधरा-सोळाची. काय मार खाल्ला ते विचारू नका. पण मुलगा पहिल्या आठवड्यापासून मैदानात होता आणि अकरावीत व्हार्सिटीच्या, म्हणजे शाळेच्या मुख्य टीमच्या, पुढच्या फळीत उभा राहिला. जुन्या शाळेत हे झालं नसतं, मी लिहून देतो.

त्या वर्षी गणपतीच्या आरतीला साडू सगळ्यांसमोर म्हणाले, "काय, लहान गटात उतरवलंत का पोराला? गुरुवारच्या मॅच खेळतो म्हणे." (गुरुवारी ज्युनियर टीम खेळते, शुक्रवारी व्हार्सिटी. इथे राहणाऱ्याला हा टोमणा बरोबर लागतो.)

मी कोल्हापूरचा. तालमीत ५७ किलोवाल्याला कोणी 'लहान गट' म्हणून हिणवत नाही. इथे पोराचं नाही, शाळेचं वजन करतात, तेही दोन वर्षांतून एकदा. ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारचा पट घेतात आणि फेब्रुवारीत वर्ग जाहीर करतात. पटात नववी ते बारावीचं प्रत्येक डोकं येतं. मुली, बँडवाले, वादविवादवाले सगळे. आमच्या सबडिव्हिजनमधून हायस्कूलला जाणारी निम्म्याहून जास्त पोरं देशी, त्यांत फुटबॉल खेळणारा आमचा एकटा. म्हणजे जुन्या शाळेला ६-ए मध्ये ढकलायला आपली मंडळी, आणि हेल्मेट घालायला कोणी नाही! साडूंचा चिरंजीवसुद्धा त्या पाच हजारांतलं एक डोकंच. टेनिस खेळतो. छान खेळतो.

आणखी एक गंमत. ६-ए ला वरची मर्यादाच नाही. २,३०० वाली शाळा आणि पाच हजारवाली एकाच वर्गात. डिस्ट्रिक्टमधून चार टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, गेल्या की जास्त पटाच्या दोन एकीकडे आणि कमी पटाच्या दोन दुसरीकडे करतात, तेवढाच काय तो दिलासा. हे 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे खेळाचा गट. शाळा चालवणारं स्कूल डिस्ट्रिक्ट वेगळं. दोन्हींची सरमिसळ करू नका.

बहिणीला सांगा, पत्त्यावर फ्रिस्को लिहिलंय म्हणून घर फ्रिस्कोच्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये असेलच असं नाही. त्या गावाचे काही भाग प्रॉस्पर, लुइसव्हिल, लिटल एल्म या डिस्ट्रिक्टांत जातात. एजंटवर विसंबू नका, डिस्ट्रिक्टच्या साइटवर घराचा पत्ता टाकून बघा. शाळेत पाचशे मुलं कमी असतील तर ते घर आधी बघा. खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं तर वर्षभर व्हार्सिटी खेळता येत नाही, म्हणून नंतर हलण्यापेक्षा आधीच ठरवलेलं बरं.

हे सगळं फक्त टेक्सासचं. इलिनॉयमध्ये हद्द नसलेल्या खासगी शाळांचा पट १.६५ ने गुणतात, तिथलं गणित निराळं. आणि भाचा खरोखरच राज्यात गाजण्याइतका तयार असेल तर माझं ऐकू नका, अ‍ॅलनच बघा.

साडू हे वाचत असतील तर: शुक्रवारी खेळायचा. दोन्ही वर्षं.