वाचकांचे प्रश्न : कँटनची अफू आणि मुंबईची आडत

प्रश्न : 1839 मध्ये चिनी अधिकारी लिन झेशू याने इंग्रजांची वीस हजार पेट्या अफू जाळली, असे वाचले. एवढा माल जाळला कसा? त्यात मुंबईचा माल होता का?

उत्तर : जाळली नाही, जिरवली. जळताना अफू वितळून मातीत मुरते आणि ती माती खणून व्यसनी लोक बरीचशी अफू परत मिळवत. म्हणून लिनने कँटन (आजचे ग्वांगझू) बंदराजवळच्या हूमेनच्या खाडीकाठी मोठे हौद खणवले. तळाला दगडी फरशी, बाजूंना फळ्या. हौदात पाणी सोडायचे, मीठ टाकायचे, मग अफूचे गोळे फोडून भिजत घालायचे. ती नीट भिजली की वरून कळीचा चुना. पाणी उकळू लागले की मजूर फावड्यांनी ढवळत राहत आणि ओहोटी लागली की दार उघडून सगळे समुद्रात सोडत. त्याआधी लिनने समुद्रदेवतेची पूजा करून जलचरांना काही काळ दूर जाण्याची विनंती केली होती! एकूण 20,283 पेट्या. 3 जूनला सुरू झालेले काम तीन आठवडे चालले.

मुंबईचा माल अर्थातच होता. पाटणा-गाझीपूरची अफू ईस्ट इंडिया कंपनीच्या मक्त्याची. ती कलकत्त्याला लिलावात निघे. माळव्याची अफू मात्र संस्थानी मुलखातली. कंपनी तिच्यावर परवान्याची फी घेई, ती चुकवायची तर माल पोर्तुगीजांच्या दमणमार्गे जाई. 1835 मध्ये फी पेटीमागे 125 रुपयांवर आणली, तेव्हा मुंबईचा रस्ता परवडू लागला. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारखे व्यापारी माल कँटनला जार्डिन मॅथेसन या ब्रिटिश व्यापारी पेढीकडे आडतीवर पाठवत, म्हणजे विक्री होईपर्यंत मालकी मुंबईकराचीच.

खरी मेख इथेच आहे. लिनने परदेशी वखारींना वेढा घातल्यावर इंग्रजांचा व्यापार-अधीक्षक चार्ल्स इलियट याने 27 मार्चला व्यापाऱ्यांकडून सगळी अफू ‘ब्रिटिश सरकारसाठी’ ताब्यात घेतली आणि मग लिनच्या हवाली केली. त्या क्षणी बुडीत माल सरकारी देणे झाला. व्यापाऱ्यांच्या हाती पावत्या उरल्या आणि लंडनचा खजिना पैसे द्यायला राजी नव्हता. यातून इंग्लंड-चीन यांच्यात पहिले अफू युद्ध पेटले. युद्धाची इतरही कारणे होती, पण ही वसुली त्यांत वरच्या क्रमांकाची मानावी लागते. युद्ध संपवणाऱ्या 29 ऑगस्ट 1842 च्या नानकिंग तहात चीनवर 2 कोटी 10 लाख डॉलर लादले. त्यांतले 60 लाख निव्वळ अफूचे, म्हणजे पेटीला सरासरी 296 डॉलर. व्यापाऱ्यांना पैसे मिळायला 1843 उजाडले.

प्रश्न : मग त्या तहाने अफूचा व्यापार कायदेशीर झाला का?

उत्तर : नाही. तहाने पाच बंदरे खुली केली, हाँगकाँग घेतले. अफूला मोकळीक देणारे कलम मात्र त्यात नाही. चोरटी आयात तशीच चालू राहिली. दुसऱ्या अफू युद्धादरम्यान, 1858 च्या जकातपत्रकात, दर पिकलला (सुमारे 60 किलो) 30 ताएल (चिनी वजन) चांदी जकात ठरली आणि अफू चीनमध्ये उघडपणे उतरू लागली.