वाचकांचे प्रश्न : युरोपला माल पाठवताना

मराठवाड्यातून युरोपीय संघात माल विकणाऱ्या किंवा विकू पाहणाऱ्या वाचकांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. संघ म्हणजे २७ देश. ब्रिटन त्यात आता नाही आणि स्वित्झर्लंड कधीच नव्हता, त्यामुळे खालचं उत्तर लंडनच्या ग्राहकाला तसंच्या तसं लावू नये.

आमची हळद पोलंडचा व्यापारी घेतोय, पण कंटेनर हॅम्बुर्गला उतरणार. कस्टम दोनदा भरावा लागेल का? तिथे नमुना नापास झाला तर रॉटरडॅममार्गे पाठवता येईल का? (वसमत, जि. हिंगोली)

कस्टम एकदाच. हॅम्बुर्गला माल सोडवला की तो संघातला माल झाला, पुढे पोलंडच्या वेशीवर कुणी अडवत नाही. व्हॅट मात्र प्रत्येक देशाचा वेगळा. प्रमाण दर १५ टक्क्यांच्या खाली नेता येत नाही एवढंच संघाने ठरवलंय. जर्मनीत तो १९ आहे, हंगेरीत २७. माल थेट पोलंडला जाणार असेल तर खरेदीदाराच्या कस्टम एजंटाला ‘४२ क्रमांकाची पद्धत’ वापरायला सांगा. मग आयातीचा व्हॅट जर्मनीत भरावा लागत नाही, खरेदीदार तो पोलंडमध्ये दाखवतो.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. नापास झालेल्या मालाची सूचना अन्नसुरक्षेच्या सामायिक इशारा यंत्रणेतून सगळ्या देशांना जाते. १९७९ च्या एका गाजलेल्या निकालापासून एक तत्त्व चालत आलंय : एका देशात कायदेशीरपणे विकला जाणारा माल दुसऱ्या देशाने ठोस कारणाशिवाय अडवू नये. (खटला फ्रेंच काळ्या मनुकांच्या मद्याचा होता. त्यात अल्कोहोल पुरेसं नाही म्हणून जर्मनीने ते अडवलं होतं.) पण हे तत्त्व जिथे सामायिक नियमच नाही तिथलं. हळदीला नियम आहेत आणि ते सगळीकडे सारखे : शिसं किलोमागे १.५ मिलिग्रॅम, अफ्लाटॉक्सिन (बुरशीचं विष) बी१ किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, एकूण अफ्लाटॉक्सिन १०. ज्या कीडनाशकाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला ०.०१ मिलिग्रॅम. अफ्लाटॉक्सिन येतं ते शिजवलेली हळद ओलसर जमिनीवर वाळत घातली, बुरशी धरली की. शिसं बहुधा पॉलिशच्या वेळी चढवलेल्या पिवळ्या रंगातून येतं. तपासणी लॉटप्रमाणे करून घ्या. अहवालावरचा लॉट नंबर आणि इन्व्हॉइसवरचा लॉट नंबर जुळत नसेल तर अहवालाचा उपयोग शून्य.

हळदीच्या पाकिटावर ‘सीई’ छापायचं का? (वसमतहूनच)

नाही. वस्तू संघाचे सुरक्षा-नियम पाळते असं सांगणारी ती खूण यंत्रं, विजेची उपकरणं, खेळणी अशा ठरावीक वस्तूंची. अन्नावर ती छापणंच बेकायदा आहे.

जर्मनीतला आमचा कमिशन एजंट सहा वर्षांपासून ऑर्डरी आणतो. आता ग्राहकांशी थेट व्यवहार करायचा आहे. करारात ‘भारतीय कायदा लागू’ असं लिहिलंय. त्याला काही द्यावं लागेल का? (वाळूज, छत्रपती संभाजीनगर)

लागेल, आणि रक्कम लहान नाही. मोंढ्यात आडत्या बदलायचा तर हिशेब मिटवला की झालं. युरोपीय संघात १९८६ च्या एका निर्देशाने वस्तू विकून देणाऱ्या एजंटाला संरक्षण दिलंय. निर्देश म्हणजे ब्रुसेल्सने (संघाने) उद्दिष्ट ठरवायचं आणि प्रत्येक देशाने त्यासाठी आपापला कायदा करायचा. म्हणून तपशील देशागणिक बदलतो. निर्देशाप्रमाणे नोटीस पहिल्या वर्षी एक महिना, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्यापासून तीन. जर्मनीत पाच वर्षं उलटली की सहा महिने. म्हणजे तुम्हाला सहा.

नोटिशीखेरीज भरपाई. त्याने आणलेले ग्राहक पुढेही तुम्हाला धंदा देणार असतील तर जर्मन पद्धतीत मागच्या पाच वर्षांच्या सरासरीने एका वर्षाच्या कमिशनपर्यंत द्यावं लागतं. वर्षाला ८ लाख युरोच्या ऑर्डरी आणि ५ टक्के कमिशन धरलं तर ४० हजार युरो ही कमाल मर्यादा झाली. हाच एजंट फ्रान्समधला असता तर तिथल्या प्रघाताने दोन वर्षांचं कमिशन, म्हणजे ८० हजार.

‘भारतीय कायदा’ या ओळीवर भिस्त ठेवू नका. २००० साली युरोपीय न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. कंपनी कॅलिफोर्नियाची, करारात कायदाही कॅलिफोर्नियाचा, एजंट ब्रिटनमधला (ब्रिटन तेव्हा संघात होता). एजंट संघात काम करत होता म्हणून संरक्षण लागू, असा निकाल लागला. भरपाई टळते ती एजंटाच्या गंभीर चुकीमुळे तुम्ही करार मोडला तर, किंवा काही अपवाद सोडता तो स्वतःहून निघून गेला तर. नोटीस दिल्यावर सापडलेली चूक चालत नाही. करार संपल्यापासून वर्षभरात त्याने मागणी कळवली नाही तर त्याचा हक्क जातो, पण तिथले एजंट सहसा विसरत नाहीत.

पुढच्या देशासाठी वितरक नेमावा का, असंही तुम्ही विचारलंय. वितरक स्वतःच्या नावाने माल विकत घेतो आणि हा निर्देश त्याला लागू नाही. (जर्मन न्यायालयं काही वितरकांनाही अशी भरपाई देतात, तेव्हा तिथे वकिलाला दाखवल्याशिवाय सही नको.) पण वितरकाबरोबर स्पर्धा कायदा येतो. फ्रान्स दुसऱ्या एका वितरकाला एकट्यालाच दिला असेल तर जर्मन वितरकाला ‘फ्रान्समध्ये गिऱ्हाईक शोधत फिरू नकोस’ असं सांगता येतं. फ्रेंच गिऱ्हाईक आपणहून त्याच्याकडे आलं तर ‘विकू नकोस’ असं मात्र सांगता येत नाही. त्याने किती किमतीला विकावं हेही ठरवता येत नाही. सुचवता येतं, कमाल किंमत लिहिता येते. हे नियम मोडल्यास दंडाची मर्यादा जगभरातल्या उलाढालीच्या १० टक्के आहे.

इटलीच्या खरेदीदाराने डाळमिलच्या यंत्राचे पैसे १२० दिवसांनी देतो म्हटलंय. लातूरच्या कोर्टात दावा लावता येईल ना? (लातूर)

लावता येईल, हुकूमनामाही मिळेल. पण तो इटलीत थेट बजावता येत नाही. सदस्य देशांचे निकाल एकमेकांकडे आपोआप चालतात, आपले नाही. त्यामुळे करारात लवादाचं कलम घाला. लवादाचे निवाडे परदेशात बजावण्यासाठीच्या १९५८ च्या न्यूयॉर्क करारात भारत आणि इटली दोघेही आहेत. कलमात चार गोष्टी हव्यात : लवादाचं ठिकाण, लवादांची संख्या (रक्कम लहान असेल तर एकच), भाषा आणि कोणत्या संस्थेचे नियम. एवढ्यावर भागत नाही. इटालियन कायदा मान्य केलात तर १९८० चा आंतरराष्ट्रीय वस्तुविक्री करारही त्याच्याबरोबर येतो, भारत त्यात नसला तरी. तो नको असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं.

करार इटालियन कायद्याखाली असेल तर दोन व्यावसायिकांत मुदत ६० दिवसांपर्यंतच. १२० हवे असतील तर तसं स्पष्ट ठरलेलं हवं आणि ते तुमच्यावर उघड अन्याय करणारंही नको. उशीर झाला की युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या दरावर निदान ८ टक्के जादा व्याज आणि वसुलीचे किमान ४० युरो मागता येतात.

यंत्राला ‘सीई’ लागेल. खूण किमान ५ मिलिमीटर उंच, माहितीपुस्तिका इटालियनमध्ये, तांत्रिक फाइल १० वर्षं सांभाळायची. आज हे २००६ च्या निर्देशाने चालतं. २० जानेवारी २०२७ पासून त्याची जागा नियमन घेईल, जे देशोदेशी वेगळा कायदा न करता थेट लागू होतं.

बोल्टचा ग्राहक कार्बनची आकडेवारी मागतोय. (जालना)

१ जानेवारी २०२६ पासून पोलाद, ॲल्युमिनियम वगैरेंवरचा सीमा-कार्बन आकार (माल बनवताना झालेल्या कार्बन उत्सर्जनापोटी आयातीवर लागणारी रक्कम) पूर्णपणे लागू झालाय आणि बोल्ट त्यात येतात. आयातदाराचा असा एकूण माल वर्षाला ५० टनांच्या आत असेल तर त्याला सूट आहे, तेव्हा आधी हे विचारा. पैसे तो भरतो, पण तुमचे आकडे नसतील तर ठोकळ आकडे धरतात आणि ते सहसा चढे असतात. पोलादासाठी सध्या विजेचं उत्सर्जन धरत नाहीत, त्यामुळे भंगारावर चालणाऱ्या विजेच्या इंडक्शन भट्टीचं पोलाद इथे फायद्यात आहे. भट्टीत स्पंज आयर्न (खनिजापासून बनवलेलं कच्चं लोखंड) किती टाकलं हे मात्र पुरवठादाराकडून लेखी घ्या. कोळशावर बनलेल्या स्पंज आयर्नचं उत्सर्जन तुमच्या बोल्टच्या खात्यात येतं.

हिमरूच्या शाली वेबसाइटवरून थेट ग्राहकांना विकतो. परत आल्या तर? (छत्रपती संभाजीनगर)

कारण न देता १४ दिवसांत परत करण्याचा ग्राहकाला हक्क आहे. पैसे जाताना लागलेल्या साध्या टपालखर्चासह परत द्यायचे. हा हक्क वेबसाइटवर सांगितला नसेल तर मुदत आणखी १२ महिन्यांनी वाढते. परतीचं टपाल ग्राहकाने भरायचं असेल तर तेही आधीच लिहा, नाहीतर ते तुमच्या अंगावर येतं. गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून नाव विणून दिलेली शाल या हक्कातून सुटते. लेबलवर सूत आणि रेशीम यांचं प्रमाण टक्क्यांत, विक्रीच्या देशाच्या भाषेत हवं. नुसतं ‘सिल्क’ लिहून चालत नाही.