नवी बॅटरी घेण्याआधी मीटर लावा

प्रश्न : आमच्या घरी ९०० व्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी आहे, चार वर्षं झाली. पूर्वी तीन-साडेतीन तास चालायची, आता वीस मिनिटांत बंद. दुकानदार न बघताच बॅटरी बदला म्हणतो. लोड तीन पंखे आणि चार ट्यूब. – एक वाचक, खानापूर

उत्तर : तुमचा लोड साधारण ३०० वॅट, म्हणजे बॅटरीतून जवळजवळ ३० अँपिअर ओढले जातात. डब्यावरचे १५० एएच (अँपिअर-तास) हे वीस तास सावकाश, साडेसात अँपिअरने ओढलं तर मिळतात. ३० अँपिअरने १००-११० मिळाले तरी पुष्कळ. त्यामुळे तुमचे साडेतीन तास बरोबर होते, आणि वीस मिनिटं म्हणजे नक्की काहीतरी बिघडलंय. पण बिघाड बॅटरीतच असेल असं नाही.

आधी बॅटरी रात्रभर, दहा-बारा तास चार्ज होऊ द्या. मग मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद करून चार-पाच तास तशीच ठेवा. चार्जिंग सुटल्या सुटल्या मीटर (व्होल्ट मोजणारा मल्टीमीटर) लावलं तर आकडा फुगलेला दिसतो, बरेच जण तिथंच फसतात. विश्रांतीनंतर १२.६ व्होल्टच्या वर असेल तर ठीक, १२.२ असेल तर निम्मीच भरलीय, आणि १०.५ च्या आसपास असेल तर आतल्या सहा सेलपैकी (कप्प्यांपैकी) एक गेलाय, कारण एका सेलचे दोन व्होल्ट गायब आहेत.

आकडा चांगला आला म्हणून खूष होऊ नका. आता मेन बंद ठेवूनच इन्व्हर्टर चालू करा, तिन्ही पंखे आणि ट्यूब लावा आणि मीटरची टोकं थेट बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवा, नटावर किंवा लगवर (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीवर) नको. धडधाकट बॅटरी १२.२-१२.४ ला येऊन थांबते आणि मग हळूहळू उतरते. पाच-दहा मिनिटांत ११.५ च्या खाली घसरली तर तिची ताकद गेली. साडेदहाला इन्व्हर्टर स्वतःच बंद होतो.

पण बॅटरीवर १२.२ आणि त्याच वेळी इन्व्हर्टरच्या टोकाला ११.६ दिसत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका. मधल्या जोडात ०.६ व्होल्ट खाल्ले जाताहेत. ०.३ च्या वर फरक असेल तर लग हाताला कोमट लागते, तिथं पांढरी-हिरवी भुकटी साठलेली असते. इन्व्हर्टर बंद करा, हातातली अंगठी-बांगडी काढा, आधी काळी वायर सोडा, मग लाल. मगभर पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा. सेलची बुचं घट्ट लावलेली हवीत, सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. पुसून कोरडं करा, लाल आधी आणि काळी शेवटी आवळा, वर व्हॅसलीनचा हलका हात. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

जोड स्वच्छ असतील तर हायड्रोमीटर, म्हणजे ॲसिडची घनता मोजणारी नळी काढा. दुकानात स्वस्तात मिळतो आणि सगळ्यात खरं बोलतो. पूर्ण भरलेल्या बॅटरीच्या सेलमध्ये १.२४० च्या जवळपास आकडा यायला हवा. पाच सेल १.२३० आणि एक १.१५०? मग तो एकच सेल सगळ्यांना ओढतोय, दुरुस्तीत पैसे घालू नका. लोड चालू असताना त्याच्या बुचातून बुडबुडे येताना दिसतील. मात्र सहाही सेल सारखेच, १.१८० वगैरे असतील तर बॅटरी मेलेली नाही, उपाशी आहे. सलग दोन दिवस चार्ज करून तासातासाने मोजा. आकडे तीनदा सारखे आले की थांबा.

पाणी टाकल्या टाकल्या मोजू नका, चार्जिंगनं ते आधी मिसळू द्या. पाणी फक्त डिस्टिल्ड. पावसाळ्यात पन्हळीखालचं पाणी धरून टाकणारे आपल्याकडे बरेच आहेत. त्याबरोबर कौलांवरची धूळही आत जाते. फिल्टरचं पाणीही नको. आणि ॲसिड तर कधीच नाही : बॅटरीतून उडून जातं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तेव्हा बॅटरी देवघराला लागून असेल तर हलवा. समई आणि बॅटरी शेजारी नांदत नाहीत.

प्रश्न : बॅटरी चारच महिन्यांची. संध्याकाळी उसाच्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की घरात लाईट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. आता चाळीस मिनिटंच चालतो. – एक वाचक, चिकोडी

उत्तर : इन्व्हर्टरच्या मागे एक बटण बघा. ते यूपीएस मोडवर असेल तर साधारण १८० व्होल्टच्या खालची लाईन तो लाईन मानतच नाही. मोटारी चालू असताना तुमच्याकडे १७० येत असतील, म्हणजे रोज संध्याकाळी बॅटरी रिकामी होते आणि पुरती भरत कधीच नाही. अशा अर्धपोटी बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. बटण नॉर्मलवर टाका, तिथं बहुतेक इन्व्हर्टर १०० व्होल्टपर्यंत लाईन घेतात. लाईट जाताना कॉम्प्युटर एखादवेळेस रीस्टार्ट होईल, तेवढं सोसा. मग वर सांगितल्याप्रमाणे दोन दिवस चार्ज करा, चार महिन्यांत सल्फेट बहुधा सुटतं. सगळ्या गल्लीतच व्होल्टेज कमी असेल तर हेस्कॉमकडे (वीज कंपनीकडे) अर्ज आणि तोवर दोन केव्हीएचा स्टॅबिलायझर. फक्त तुमच्याच घरी कमी असेल तर खांबावरचा जोड सैल आहे, तो लाईनमनकडूनच बघून घ्या.

प्रश्न : झेरॉक्सच्या दुकानात ६०० व्हीएचा यूपीएस आहे. हिरवा दिवा लागतो, पण लाईट गेली की कॉम्प्युटर त्याच क्षणी बंद. – एक वाचक, निपाणी

उत्तर : हिरवा दिवा लाईन आहे एवढंच सांगतो. लेझर प्रिंटर त्याच यूपीएसवर असेल तर आधी काढा. ६०० व्हीए म्हणजे जेमतेम ३६० वॅट, आणि प्रिंटरचा तापणारा रोलर एकटाच त्याहून जास्त मागतो. तरीही बंद पडत असेल तर यूपीएसचा प्लग काढून आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बाहेर घ्या आणि तिला स्कूटरचा ३५ वॅटचा दिवा लावा. चांगली बॅटरी दहा मिनिटांनंतरही १२ च्या आसपास असते, गेलेली मिनिटभरात १० च्या खाली येते. कुशी फुगल्या असतील तर मोजायचीही गरज नाही. नवी बसवल्यावर चार्जिंगचा आकडा बघा : १३.५ ते १३.८ हवा. साडेचौदाच्या वर दिसला तर यूपीएसचंच चार्जिंग बिघडलंय, ही नवी बॅटरीही सहा महिन्यांत फुगेल. आत दोन बॅटऱ्या असतील तर दोन्ही एकदम बदला, जुनी नवीला खाली ओढते. जुनी भंगारात न देता दुकानदाराला परत करा, तो नवीच्या किमतीतून तिचे पैसे वळते करतो.