वाचकांचे प्रश्न : टीव्हीखालचा जुना कॉम्प्युटर आणि मान टाकलेला एसएमपीएस

प्रश्न : टीव्हीला जोडलेला आमचा कॉम्प्युटर २०११ सालचा आहे. आडवं कॅबिनेट, दुसऱ्या पिढीचा कोअर आय-३, ४ जीबी रॅम, एक टीव्ही ट्यूनर कार्ड आणि दोन हार्ड डिस्क. घरातली सगळी गाणी, व्हिडिओ, लग्नाचे फोटो त्यातच. मे महिन्यात भर दुपारी लाइन गेली, तासाभराने आली, तेव्हापासून तो चालूच होत नाही. बटण दाबलं तरी काहीच हालचाल नाही. बोर्डावरचा बारीक हिरवा दिवा मात्र लुकलुकतो. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड गेला, आता नवीनच घ्या. एसएमपीएस (आतली वीजपुरवठ्याची पेटी) बदलून बघावा का? घ्यायचा तर किती वॉटचा?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : मदरबोर्ड गेला असं ठरवण्याआधी दहा मिनिटं मल्टिमीटर लावा. तो लुकलुकणारा दिवा फार मोलाची खूण आहे.

एसएमपीएसच्या पेटीत दोन वेगवेगळे पुरवठे असतात. मोठा पुरवठा १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देतो. तो बटण दाबल्यावरच सुरू होतो. दुसरा छोटा, ५ व्होल्टचा स्टँडबाय. भिंतीवरचं बटण चालू असेतो तो दिवसरात्र जागा असतो, कॉम्प्युटर बंद असला तरी. बोर्डावरचा दिवा त्याच्यावरच जळतो आणि पॉवरचं बटण दाबल्याची दखलही त्याच्याच जोरावर घेतली जाते. वर्षानुवर्षं तापून या सर्किटमधले छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे नळकांडीसारखे भाग) आतून सुकतात. चालू आहे तोवर ते कसेबसे तग धरतात; लाइन जाऊन पेटी निवली की पुन्हा उठण्याइतका दम त्यांच्यात उरत नाही. म्हणून ‘काल रात्रीपर्यंत व्यवस्थित होता’ हे वाक्य अशा बिघाडात हमखास ऐकू येतं. लाइन परत येताना बसणारा झटका हे निमित्त, दुखणं आधीचंच.

आता मोजमाप. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. २४ पिनचा मोठा कनेक्टर बोर्डातच राहू द्या. काळी सुई कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला किंवा स्क्रूला टेकवा, लाल सुई कनेक्टरच्या मागच्या बाजूने, जांभळ्या वायरीलगत आत सरकवा. एका वेळी एकच पिन शिवली जाईल याची काळजी घ्या. आकडा ४.७५ ते ५.२५ मध्ये स्थिर हवा. तो ३-४ व्होल्टवर नाचत असेल तर भिंतीचं बटण बंद करा, बोर्डावरून २४ पिनचा आणि प्रोसेसरजवळचा ४ पिनचा असे दोन्ही कनेक्टर काढा, पुन्हा लाइन द्या आणि परत मोजा. मोकळ्या वायरीवरही आकडा नाचत असेल तर दोष नक्की एसएमपीएसचा. मोकळेपणी ५ आणि बोर्डाला जोडताच खाली, असं होत असेल तर एसएमपीएस अशक्त आहे किंवा बोर्डावर कुठे शॉर्ट आहे. अशा वेळी ओळखीतल्या कुणाचा चालता एसएमपीएस तासाभरासाठी आणून लावला की निकाल लागतो.

जांभळी वायर ठीक असेल तर पुढची चाचणी. सगळे कनेक्टर काढलेले असताना २४ पिनमधली हिरवी वायर तिच्या शेजारच्या काळीला वायरीच्या छोट्या तुकड्याने जोडा आणि मगच लाइन द्या. आधी भार म्हणून एखादा जुना पंखा लावून ठेवा. लग्नाच्या फोटोंची डिस्क या कामाला लावू नका. पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस निरोगी, असं मुळीच नाही. मोजायलाच हवं. पिवळी वायर ११.४० ते १२.६०, लाल ४.७५ ते ५.२५, केशरी ३.१४ ते ३.४७. करडी वायरही पाहा: सगळे व्होल्टेज जागेवर आले की अर्ध्या सेकंदाच्या आत तिच्यावर ५ व्होल्टच्या आसपास आकडा दिसतो. ती शून्यावरच राहिली तर बोर्ड चालूच होणार नाही, पंखे कितीही फिरोत.

विकत घेताना. वॉटचा प्रश्न शेवटी येतो. आधी फूटपट्टी घ्या. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद, ८६ मिमी उंच आणि १४० मिमी लांब असतो. आडव्या पातळ कॅबिनेटमध्ये बहुधा एसएफएक्स (१२५ × ६३.५ × १०० मिमी) किंवा टीएफएक्स (८५ × ६५ × १७५ मिमी, लांबट) असतो. जुना काढून, तिन्ही मापं कागदावर लिहून, शक्य तर तो पिशवीत घालूनच बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जा. तयार कंपनी कॉम्प्युटर असेल तर आणखी सावध राहा: काहींमध्ये बोर्डाचा कनेक्टर ६, ८ किंवा १४ पिनचा, त्यांचा स्वतःचा असतो, आणि फार जुन्या काही मॉडेलांमध्ये कनेक्टर दिसायला एटीएक्ससारखाच, पण आतल्या वायरींचा क्रम वेगळा. वायरींचे रंग जुळले नाहीत तर लावू नका.

तुमच्या यंत्राचा हिशेब असा. त्या पिढीतल्या नेहमीच्या डेस्कटॉप आय-३ चं रेटिंग ६५ वॉट. बोर्ड, रॅम, ट्यूनर आणि पंखे मिळून ३० ते ४०. साडेतीन इंची डिस्क चालताना ६ ते ८ वॉट घेते; मात्र फिरू लागतानाच्या पहिल्या काही सेकंदांत १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर, म्हणजे एकेकीला २४ वॉट. सगळं एकदम धरलं तरी दीडशेच्या पुढे फारसं जात नाही. खरा ३०० वॉटचा पुरवठा पुरेसा आहे.

गोम ‘खरा’ या शब्दात आहे. लेबलवर ठळक छापलेला आकडा सोडा आणि १२ व्होल्टच्या खाली लिहिलेले अँपिअर वाचा. ‘४५० वॉट’ लिहिलंय आणि १२ व्होल्टवर १४ अँपिअर, तर तो तुमच्या कामाचा १६८ वॉटचाच. प्रोसेसर आणि डिस्कच्या मोटरी याच ओळीवर चालतात. हातात घेतल्यावर डब्यासारखा हलका लागला तर परत ठेवा. फिल्टरची कॉइल आणि हीटसिंक यांतच काटकसर केलेली असते. मागे ११५/२३० चा लाल सरकबटण असेल तर ते २३० वरच आहे ना, हे लाइन देण्याआधी बघा. ११५ वर राहिलं तर आपल्याकडच्या लाइनवर पहिल्याच क्षणी धडाका होतो.

बसवताना. आधी फोनवर आतले चार-पाच फोटो काढा. प्लग काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे बोर्डावर साठलेली वीज उतरेल. मागचे चार स्क्रू काढताना एसएमपीएसला खालून हात द्या, नाहीतर तो सरळ प्रोसेसरच्या पंख्यावर येतो. नवा बसवताना त्याचा पंखा जाळीकडे किंवा मोकळ्या जागेकडे यावा. पत्र्याला चिकटला तर गुदमरेल.

मग कनेक्टर. २४ पिनचा ‘कट्’ आवाज येईपर्यंत दाबा. प्रोसेसरजवळचा ४ पिनचा चौकोनी कनेक्टर हमखास विसरला जातो: पंखे फिरतात, पडदा मात्र काळा, आणि मग पुन्हा ‘मदरबोर्ड गेला’. नव्या एसएमपीएसला तिथे ८ पिनचा ४+४ असा दुभागणारा येतो. त्यातला खाच जुळणारा अर्धा लावा.

डिस्कच्या बाबतीत दोन गोष्टी मनापासून सांगतो. एक, सुट्या वायरींचा, म्हणजे मॉड्युलर एसएमपीएस असेल तर त्याच्यासोबत आलेल्याच वायरी वापरा. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखं असतं. एसएमपीएसकडचं टोक प्रत्येक कंपनीचं, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचंही, वेगळं. चुकीच्या वायरीने ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की डिस्कचं सर्किट क्षणात जळतं. दुसरं, चार पिनच्या जुन्या मोलेक्स कनेक्टरवरून साटा (डिस्कचा चपटा कनेक्टर) करणारा स्वस्त, एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेला जोड टाळा. त्याच्या आत वायरी एकमेकींना टेकून शॉर्ट होतात आणि कनेक्टर वितळतो. जोड लागलाच तर ज्यात प्रत्येक वायर वेगळी दाबून बसवलेली दिसते तो घ्या.

पहिल्यांदा लाइन देताना दोन्ही डिस्क सुट्याच ठेवा. टीव्ही आणि कीबोर्ड जोडा, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, बोर्डाच्या सेटिंगच्या पडद्यावर) जा आणि हार्डवेअर मॉनिटरच्या पानावर व्होल्टेज पाहा. तिथले आकडे मल्टिमीटरइतके अचूक नसतात, पण १२ च्या जागी ११ दिसले तर थांबा. तारीख मागे गेली असेल तर बोर्डावरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी बदला. आणि आता खरी मेख: बायोस मूळ सेटिंगवर गेलं असेल तर साटाचा प्रकारही (डिस्कशी बोलायची पद्धत: आयडीई किंवा एएचसीआय) बदललेला असू शकतो. विंडोज आधी आयडीई प्रकारात टाकलं असेल आणि आता एएचसीआय झालं, किंवा उलट, तर निळा पडदा येऊन यंत्र पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होतं. लोक इथे घाबरून विंडोज नव्याने टाकतात आणि त्या नादात फोटो गमावतात. बायोसमध्ये फक्त प्रकार बदलून पाहा. सगळं सुरळीत झालं की त्याच दिवशी फोटोंची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या.

प्रश्न : जुना एसएमपीएस उघडून फुगलेले कपॅसिटर बदलले तर? टीएफएक्स मापाचा नवा इथे लवकर मिळत नाही.
— एक वाचक, नंदनवन

उत्तर : टीएफएक्स असेल तर विचार करण्यासारखं आहे, पण रोज एसएमपीएस उघडणाऱ्या माणसाकडूनच. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी असतात, एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असेल तर ४०० च्या आसपास. प्लग काढल्यानंतरही ते काही वेळ टिकतात. कारागिराला एवढं सांगा: १०५ अंशांचे, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेल्या) प्रकारचे कपॅसिटर, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि व्यास-उंची बसेल अशी. फुगलेले तेवढेच न बदलता स्टँडबाय सर्किटमधले छोटेही बदलायला लावा. सुकलेला कपॅसिटर बाहेरून अगदी धडधाकट दिसतो. पंखा हाताने फिरवल्यावर अडखळत असेल तर तोही त्याच वेळी. साध्या एटीएक्ससाठी मात्र हा खटाटोप करू नये.

प्रश्न : लाइन गेली की घर इन्व्हर्टरवर जातं. दिवे-पंखे चालू राहतात, पण टीव्हीचा कॉम्प्युटर दर वेळी रिस्टार्ट होतो. एसएमपीएस बदलावा का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आधी इन्व्हर्टरच्या मागचं बटण पाहा. बहुतेकांवर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ अशा दोन जागा असतात. लाइन तुटल्यावर एसएमपीएस आतल्या साठ्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, तेही पूर्ण भारावर आणि कपॅसिटर ताजे असताना. यूपीएस जागेवर इन्व्हर्टर बहुधा तेवढ्यात पलटतो. नॉर्मलवर त्याला याहून बराच जास्त वेळ लागतो. बटण बदलूनही रिस्टार्ट होत असेल तर एसएमपीएसमधला मोठा कपॅसिटर थकला असावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर एपीएफसी असलेले काही एसएमपीएस त्याच्यावर गुणगुणतात किंवा बंद पडतात. साइन वेव्हवर ही कटकट नाही.

प्रश्न : कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. नवा एसएमपीएस टाकल्यावरही येतातच.
— एक वाचक, जरीपटका

उत्तर : कारण भिंतीत आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो बारीक प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर पत्र्यावर निम्मे, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतात. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेटमध्ये फेज ते अर्थ मोजून घ्या: २३० च्या जवळ यायला हवेत. आले नाहीत तर अर्थिंग तुटलेलं आहे. दोन पिनचा जुगाडू प्लग लावला असेल तर आजच काढा. तोवर एचडीएमआयची वायर चालू टीव्हीत घालू-काढू नका, पोर्ट जळतो.

प्रश्न : तीन उन्हाळ्यांत दोन एसएमपीएस गेले. माल खराब येतो का?
— एक वाचक, महाल

उत्तर : कॉम्प्युटर कुठे ठेवलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण दार लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये असेल तर उत्तर तिथेच मिळालं. कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. नवतप्यात (मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत) बाहेर ४५ अंश असताना बंद फळीतली हवा त्याहून गरम, आणि एसएमपीएस तीच हवा आत ओढतो. मागची प्लायवूडची पाठ कापून काढा, मागे आणि वर किमान १० सेंटिमीटर मोकळे ठेवा, सेट टॉप बॉक्स कॅबिनेटच्या डोक्यावरून हलवा. कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका: ओलसर हवेत धूळ चिकटून तिचा थर बनतो आणि तो ओला थर वीज वाहू देतो. कूलर काढायच्या आधी, मार्चमध्येच, प्लग काढून ब्लोअरने धूळ उडवा. उडवताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, भरधाव फिरलं तर बेअरिंग जातं.